बाल्कनीतली खाडी

कतारमध्ये तुम्ही काय करत होता, असं कुणी विचारलं की मी सांगते, "जंतू पाळत होते." समोरचा माणूस हातातला चहाचा कप हळूच लांब धरतो. माझ्या नवऱ्याला हे अजिबात आवडत नाही. "मायक्रोबायॉलॉजिस्ट होते म्हण की सरळ," तो म्हणतो. पण तसं म्हटलं की लोक आदराने मान डोलावतात आणि विषय बदलतात. मला तर बोलायचं असतं.

मी मूळची मिरजेची. नोकरीची बहुतेक वर्षं दोह्यातल्या एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत गेली. काम तसं सांगायला सोपं आहे. रुग्णाच्या अंगातून निघालेलं रक्त, पू, थुंकी, लघवी, जे असेल ते आमच्याकडे यायचं. आम्ही ते एका चपट्या बशीत, जंतूंना आवडेल अशा खाद्यावर पसरायचो, उबेत ठेवायचो आणि वाट बघायचो. दुसऱ्या दिवशी बशीत ठिपके उगवायचे. एक ठिपका म्हणजे एका जंतूपासून वसलेलं अख्खं गाव. ते गाव कुणाचं आणि कुठल्या औषधाने उठेल, एवढंच आम्ही वर कळवायचं. डॉक्टर लोकांना दिसतात, आम्ही तळमजल्यावर असतो. बऱ्या झालेल्या एकाही रुग्णाने मला कधी पेढे दिले नाहीत, आणि खरं सांगायचं तर आमच्या हातचे पेढे कुणी खाल्लेही नसते.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नग होती. दोह्याच्या नजमा भागात चौघांत एक खोली घेऊन राहणारा आपल्याकडचा एक आयटीवाला जुलाबाचा नमुना चक्क लोणच्याच्या बरणीतून घेऊन आला होता. "धुतली होती मॅडम," म्हणाला. झाकणाला मोहरीची डाळ तशीच चिकटलेली. वेस्ट बेमधल्या एका बड्या हॉटेलचा शेफ तर त्याच्या कोळंबीचा नमुना वाईट निघाला म्हणून माझ्याशी तासभर भांडला. जणू मीच त्या कोळंबीला वाईट वळण लावलं होतं.

या सगळ्यात मी घाबरायचे ती समुद्रातल्या जंतूंना. व्हिब्रिओ हे त्यांचं घराणं. कॉलऱ्याचा जंतू याच घरातला, आणि त्याची चुलतभावंडं त्याच्याहून वाईट. आखातातलं पाणी उन्हाळ्यात अंघोळीला काढल्यासारखं कोमट होतं, आणि तो यांच्या सुगीचा काळ. पण नुसतं वाईट असणं वेगळं आणि वेषांतर करणं वेगळं. पाण्यात असताना हा जंतू स्वल्पविरामासारखा वाकडा असतो, एक शेपटी हलवत पोहतो. या घराण्यातला एक जण कशाला चिकटला की लांबलचक होतो, अंगभर शेपट्या फुटतात आणि रांगत पसरत जातो. एक जण कधी अंगावर चिकट कोट चढवतो, कधी उतरवतो. नवीन मुलं प्रयोगशाळेत आली की पुस्तकातलं चित्र डोक्यात घेऊन यायची आणि त्या चित्रासारखा जंतू शोधत बसायची. मी म्हणायचे, अरे, त्याने पुस्तक वाचलेलं नाही.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते. काही वर्षांपूर्वीची, सप्टेंबरमधली गोष्ट. नावं बदलली आहेत.

सकाळी सकाळी अतिदक्षता विभागातून एक नमुना आला. पन्नाशीतला भारतीय माणूस, गॅस प्रकल्पात इंजिनियर. उजव्या हाताला सूज, त्यावर जांभळे फोड, ताप, रक्तदाब पार खाली. यकृताचा जुना आजार. आदल्या दिवशी घराजवळच्या क्लिनिकमध्ये पेनिसिलिनच्या जातीचं औषध सुरू झालेलं. फोडातलं पाणी आमच्याकडे पाठवलं होतं, सोबत निरोप की लवकर सांगा. असा निरोप सगळ्याच नमुन्यांबरोबर येतो, पण या वेळी तो घेऊन आलेली नर्स जायला तयार नव्हती. सूज कुठवर आली हे कळावं म्हणून त्यांनी हातावर पेनाने रेघ ओढली होती आणि चहा पिऊन येईपर्यंत सूज रेघेच्या वर गेली होती.

मी काचेवर थेंब पसरला, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. माझ्याबरोबर बिन्सी होती. केरळची, माझ्याहून बरीच लहान, कामाला अतिशय चोख. तिने आधी बघितलं.

"दीदी, मिक्स है. गोल वाले अलग, टेढ़े वाले अलग. सॅम्पल खराब आया है, दूसरा मंगवाते हैं."

मी बघितलं. गुलाबी रंगाचे, फुगलेले, गोल गोल कण आणि त्यांच्यात कुठे कुठे एखादा वाकडा. तिचं म्हणणं चूक नव्हतं. पुस्तकाप्रमाणे गोल तो एक आणि वाकडा तो दुसरा. पण मला ते गोल बरे दिसेनात. त्यांचे आकार सारखे नव्हते. कुणी लहान, कुणी टुम्म फुगलेला, आणि एकाचं एक टोक अजून वाकडंच होतं, अर्धवट गोल झाल्यासारखं. जन्मजात गोल असणारे जंतू असे दिसत नाहीत.

पेनिसिलिनच्या जातीची औषधं जंतूची बाहेरची भिंत पाडतात. भिंत पडली की बहुतेक जंतू फुटून मरतात. हे घराणं मात्र भिंतीवाचून काही काळ तग धरतं. भिंत गेली की आकार जातो, उरतो तो गोळा. तो गोळा औषध ओसरेपर्यंत गप्प बसून राहतो आणि मग पुन्हा भिंत बांधून वाकडा होतो. मला जे दिसत होतं ते दोन नव्हतेच. एकच होता, अर्धा कपड्यात आणि अर्धा कपडे उतरवून.

आमच्या प्रमुख डॉ. हनान सुदानच्या. मोठ्या बाई, मोठा आवाज, इंग्रजीत अरबी मिसळून बोलायच्या. त्यांनी सूक्ष्मदर्शकात बघितलं आणि उभ्या उभ्याच अतिदक्षता विभागाला फोन लावला. "हा माणूस समुद्रात गेला होता का? मासे साफ केले होते का? विचारा."

उत्तर आलं की विचारून झालंय. बायको म्हणते समुद्राकडे कित्येक महिन्यांत गेलेले नाहीत. आणि मासे घरात शिजतच नाहीत, शाकाहारी आहेत.

तिथे सगळं अडलं. या जंतूवर एक विशिष्ट औषधांची जोडी लागते, आणि त्यातलं एक त्या आजारी यकृताला झेपेल की नाही याची वरच्या डॉक्टरांना काळजी होती. समुद्राशी काही संबंध आहे एवढं जरी कळलं असतं तरी त्यांनी धोका पत्करला असता. नुसत्या काही गोल ठिपक्यांवर ते तयार नव्हते. त्यांच्या जागी मी असते तर मीही नसते. बशीत काही उगवायला दुसरा दिवस उजाडणार होता, आणि तो माणूस दुसरा दिवस बघेल की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं.

डॉ. हनान माझ्याकडे वळल्या. "नाव बघ. तुमच्याकडचा आहे ना? त्याच्या बायकोशी तू बोल. यल्ला, चल लवकर."

नाव होतं श्रीकांत दीक्षित. बाहेरच्या खुर्च्यांवर त्यांची बायको बसली होती, मृणाल. चाळिशी ओलांडलेली, पंजाबी ड्रेस, मांडीवर नवऱ्याचं घड्याळ आणि अंगठी रुमालात बांधून ठेवलेली. मी मराठीत बोलले तशी ती एकदम उठून उभी राहिली.

"ताई, तुम्ही आपल्याकडच्या? सांगा ना, काय झालंय ह्यांना? सगळे मला समुद्र समुद्र विचारतायत. या उन्हात समुद्रावर कोण जातं हो?"

"बोटी? मासळीबाजार? कुणाकडे जेवायला?"

"नाही हो. आम्ही गेले पंधरा दिवस घराबाहेरच नाही पडलो. म्हणजे ऑफिस सोडून. घरात..." ती थांबली.

सप्टेंबर, पंधरा दिवस घराबाहेर नाही. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"गणपती होता का घरी?"

तिने आजूबाजूला बघितलं. समोर एक अरब कुटुंब बसलं होतं, त्यांना मराठी कळायचा प्रश्नच नव्हता. तरी तिने आवाज खाली आणला. "होता. पण इथे कशाला ते सांगायचं, म्हणून..."

"विसर्जन कुठे केलंत?"

"घरीच. बाल्कनीत, टबात. आमचा आणि बिल्डिंगमधल्या दोघांचा, एकत्रच करतो दर वर्षी."

"नळाच्या पाण्यात?"

तिने मान हलवली. मग म्हणाली, "पाणी समुद्राचं होतं. ह्यांचा हट्ट. नाशिकला गोदावरीत व्हायचं विसर्जन, इथे निदान समुद्राचं तरी पाणी हवं म्हणाले. वकऱ्याच्या किनाऱ्यावरून ड्रायव्हरकडून कॅन भरून आणवले. पण आम्ही नाही गेलो ताई समुद्रावर. डॉक्टरांनी विचारलं समुद्रात उतरले होते का. नव्हते उतरले."

मला क्षणभर तिचा फार राग आला. मग वाटलं, हिचं काय चुकलं? विचारलं तेवढ्याचं तिने अगदी खरं उत्तर दिलं होतं. टबात बाप्पा गेल्यावर ते विसर्जनाचं पाणी झालं होतं, त्याला समुद्र कोण म्हणेल?

पुढचं तिने भराभर सांगितलं. शाडूच्या मूर्ती लवकर विरघळेनात. टब बाल्कनीत उन्हात, पाण्यात हार, दूर्वा, निर्माल्य. तिसऱ्या दिवशी दीक्षितांनी बाह्या सरसावल्या आणि माती हाताने कुस्करून विरघळवली. मोदकांचं सारण करायला नारळ त्यांनीच खवला होता, आणि खवताना विळीवर उजव्या हाताचं बोट कापलं होतं.

"त्यावर पट्टी होती," ती म्हणाली. "पाण्यात सुटली असेल. ताई, त्यातून झालं का हे?"

"आधी औषध सुरू होऊ दे," मी म्हटलं आणि जिन्याकडे पळाले. लिफ्टची वाट बघायला जीव थाऱ्यावर नव्हता.

औषधं बदलली. दुपारी सर्जननी हात उघडून सडलेला भाग काढला. मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी बशीत गावं वसलेली होती, आणि पुन्हा दोन तऱ्हांची. काही ठिपके दुधाळ, दाट. काही काचेसारखे, त्यांच्या आरपार दिसावं असे. बिन्सीने कमरेवर हात ठेवले. "अब तो मानोगी दीदी? दो हैं." मी म्हटलं, दोघांची ओळख वेगवेगळी पटवू. पटवली. दोन्ही ठिकाणी एकच नाव आलं, या घराण्यातल्या सगळ्यात घातकी भावाचं. दुधाळ तो कोटवाला. त्या चिकट कोटामुळे आपल्या रक्तातल्या पहारेकऱ्यांच्या हाती तो लागत नाही, निसटतो. काचेसारखा तोच, कोट उतरवलेला, बराच निरुपद्रवी. एकट्या दुधाळ ठिपक्यातून नवी बशी पेरली तरी त्यात एखाददुसरा काचेसारखा उगवतोच. बिन्सीने तसं करून बघितलं आणि मग कितीतरी वेळ बशी उजेडात धरून बसली. "कमीना," ती शेवटी म्हणाली. तिच्या तोंडून मी ऐकलेला हा एकच अपशब्द.

औषध बरोबर होतं, पण हात वाचला नाही. कोपराखालून काढावा लागला, नाहीतर माणूस गेला असता. सही करायला मृणालला बोलावलं तेव्हा ती मला फोन करून एवढंच म्हणाली, "ताई, उजवा आहे हो." मला आजही त्या वाक्याने गलबलतं. एक दिवस आधी कुणी मराठीतून दोन प्रश्न विचारले असते तर? हा प्रश्न निवृत्त झाल्यावरही माझ्या मागे आहे.

दीक्षित हळूहळू सावरले. मी मृणालला टबाबद्दल विचारलं तर ती म्हणाली, तो आपण बोललो त्याच दिवशी शेजाऱ्यांकडून रिकामा करवला, पण तपासायला एक बाटली भरून फ्रीजमध्ये ठेवली आहे. आठवडाभर ती बाटली दूध-दह्याच्या मागे होती. बिचारीने नासू नये म्हणून ठेवली. तिने ती आणून दिली, आम्ही पेरली, आणि बशी कोरी निघाली. काही म्हणजे काही नाही.

मृणाल प्रयोगशाळेच्या खिडकीशी विचारायला आली तेव्हा मी जागेवर नव्हते. बिन्सीने जे होतं ते सांगितलं, काही उगवलं नाही. मी परतले तर मृणाल भिंतीला टेकून डोळे पुसत होती. "ताई, पाण्यात काही नव्हतं. मी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलंसुद्धा. शेजारच्या काकू किती घाबरल्या होत्या, त्यांना डायबेटिस आहे. म्हणाल्या, बाप्पाच्या पाण्यात असं कसं असेल, पुढच्या वर्षीही असंच करू."

ती गेल्यावर मी त्या कोऱ्या बशीकडे बघत बसले. थंडीत हा जंतू आणखी एक रूप घेतो. अंग चोरून बारीक, गोल होतो आणि खाणंपिणं सोडतो. बशीत घातला तर उगवत नाही, पण मेलेलाही नसतो. मी डॉ. हनानना म्हटलं, "बाटली उबेत ठेवून बघू?"

"तुला खात्री आहे, तुला हे कळायला हवंय?" त्यांनी विचारलं. मला नको होतं. पण त्या काकू पुढच्या वर्षी त्या टबात हात घालणार होत्या.

बाटली टेबलावर, खोलीच्या उबेत ठेवली. मग पुन्हा पेरलं. दुसऱ्या दिवशी बशीत दुधाळ ठिपके होते.

डॉ. हनान बशीवर वाकल्या. "एक गोष्ट विचित्र आहे," त्या म्हणाल्या. "आपलं आखात फार खारट. एवढ्या मिठात हा मरगळून पडलेला असतो. जिथे नदी समुद्राला मिळते त्या निमखाऱ्या पाण्यात तो माजतो. कतारला नदीच नाही. हिच्या टबात एवढा कसा वाढला?"

मी त्या पाण्याची चव घेऊन तर बघू शकत नव्हते. मिठाचं प्रमाण मोजलं. समुद्राच्या जेमतेम निम्मं. कुणीतरी त्यात गोडं पाणी ओतलं होतं. बाल्कनीत खाडी तयार झाली होती.

संध्याकाळी मी वॉर्डात गेले. दीक्षित उशांना टेकून बसले होते, डाव्या हाताने चमच्याने वरणभात खायची सवय करत होते. मृणाल शेजारी. मी दारातून परत फिरायचा विचार केला, पण तिने बघितलं आणि खुर्ची पुढे केली.

"मृणाल, त्या बाटलीत जंतू सापडला," मी म्हटलं. "फ्रीजमुळे झोपला होता. ग्रुपवर परत लिहा. आजच."

दीक्षितांनी चमचा खाली ठेवला. माणूस इंजिनियर, आणि आजारपणात वाचायला भरपूर वेळ मिळालेला.

"पण मॅडम, मी वाचलंय त्याला एवढं खारट पाणी चालत नाही," ते म्हणाले. "इथल्या समुद्रात तो फारसा असतही नाही म्हणे. मग आमच्याच टबात कसा वाढला?"

मला खोटं बोलता येत नाही, आणि खरं बोलायचं धैर्य त्या क्षणी नव्हतं. मृणाल माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घातली, आणि त्यातच तिला कळलं.

"पाणी कमी पडत होतं," ती हळू म्हणाली. "तिन्ही मूर्ती बुडेनात. मी वरून नळाचं ओतलं. बादल्या भरभरून मीच ओतलं."

शेजारच्या पलंगावरच्या माणसाचा टीव्ही चालू होता.

"समुद्राचं पाणी हवं हा हट्ट माझा होता," दीक्षित म्हणाले. "मी आणवलं ते."

"कमी आणलंत," मृणाल म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडायला लागली. तिच्या पाठीवर हात ठेवायला दीक्षितांचा उजवा खांदा पुढे झाला. तो तसाच थांबला. मग ते वळले आणि त्यांनी डावा हात पुढे केला.